आईच्या नाडीची लय बिघडलीय, रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का?

कृष्णाकाठ | ९ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काळजीत आहे, म्हणून लिहितेय.

आई ८२ वर्षांची. वाळवा तालुक्यात गावी राहते, भाऊ-वहिनी सोबत आहेत. मी पुण्यात. बीपीची गोळी दहा-बारा वर्षं चालू आहे, साखर नाही. वजन ५४ किलो. अजून भाकरी स्वतः थापते, संध्याकाळी देवळात भजनाला जाते.

दिवाळीत मी घरी बीपीचं यंत्र ठेवून आले. वहिनी रोज फोटो काढून पाठवते. गेल्या आठवड्यात आकड्यांच्या शेजारी हृदयाचं एक छोटं चिन्ह दिसायला लागलं, तीन दिवस लागोपाठ. यंत्र बिघडलं असेल म्हणून भावाने स्वतःचं बीपी घेऊन बघितलं, तर त्याला ते चिन्ह नाही. मग तालुक्याला नेऊन ईसीजी काढला. निघालं एट्रियल फिब्रिलेशन. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय बी होत न्हाई, कशाला हिंडवताय?"

डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी कायमची घ्यायला सांगितलीय. भाऊ अडून बसलाय. पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली होती, कोपरावर निभावलं, डोकं थोडक्यात वाचलं. त्याचं म्हणणं, ही गोळी चालू असताना पुन्हा पडली आणि डोक्याला लागलं तर रक्त थांबणार नाही. त्रासच नाही तर हा धोका कशाला? शेजारचे काका स्वतः बायपास झालेले, ते म्हणतात ॲस्पिरिनची छोटी गोळी पुरते.

मला भावाचं पटतं आणि डॉक्टरांचंही. तुमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या कुणाबद्दल असा प्रश्न आला होता का? काय ठरवलंत, आणि पुढे काय झालं?

पिंपळपान | ९ जानेवारी, रात्री १०:०५

थायरॉइड तपासलंय का? माझ्या मावशीला असंच झालं होतं. थायरॉइड वाढलेलं निघालं, ते आटोक्यात आल्यावर लयही जागेवर आली. टीएसएच तेवढं करून घ्याच.

दुपारची एसटी | ९ जानेवारी, रात्री १०:५०

ताई, भावाला हा प्रतिसाद वाचून दाखवा.

माझे वडील नाशिकला शिक्षक होते. ७४व्या वर्षी त्यांना छातीत फडफड सुरू झाली. दहा-पंधरा मिनिटं व्हायची आणि थांबायची. "पाखरू अडकल्यासारखं वाटतं" म्हणायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेलं असायचं, त्यामुळे दोनदा ईसीजी नॉर्मल आला आणि गॅसवर विषय संपला. तिसऱ्यांदा मात्र पट्टीवर सापडलं. तेव्हा आम्ही ज्यांच्याकडे जायचो त्यांनी ॲस्पिरिन दिली. वय झालंय, मोठी गोळी नको म्हणाले. आम्हालाही बरंच वाटलं.

दीड वर्षाने एका सकाळी बाबा बशीत चहा ओतून बसले होते. आई सांगते, बशी कलत होती, चहा धोतरावर सांडत होता आणि ते नुसते बघत होते. बोलायला गेले तर शब्द फुटेना. शेजारपाजारचे जमले, कुणी तेल चोळलं, कुणी म्हणालं वारं आहे, निजू दे जरा. मी कंपनीतून निघून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत सहा तास झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता चार वर्षं झाली. काठी घेऊन चालतात. पण तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला नातीचं नाव आठवत नाही. सगळ्यालाच "ते" म्हणतात. पाणी "ते", चष्मा "ते", नात "ते". ती लहान आहे, "ते" म्हटलं की ओ देते.

पडण्याची भीती मला समजते. आम्हीही तीच धरून बसलो होतो.

रानजाई | ९ जानेवारी, रात्री ११:१०

वाचून पोटात कालवलं. काकांना सांभाळा.

स्टेथोस्कोप | १० जानेवारी, सकाळी ७:१५

मी फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे गोळी द्या की नको हे इथून सांगणार नाही. पण निर्णय काय बघून घेतात, ते सांगतो.

या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटासारखी एक पिशवी असते, तिथे रक्त रेंगाळतं आणि त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. अशा रुग्णांत त्याचा धोका साधारण पाचपट होतो. आईंना काही जाणवत नाही ही चांगली गोष्ट, पण न जाणवणाऱ्यालाही गुठळी तशीच होते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत हा विकार अर्धांगवायू झाल्यावरच सापडतो. तुमच्या वहिनींनी फोटो पाठवला, म्हणून आधी सापडला.

धोका मोजायला आम्ही गुण मांडतो. पंचाहत्तरीच्या पुढे वयाचे २, बीपीचा १, साखरेचा १, आधी अर्धांगवायू झाला असेल तर २, असे. आईंचे वय आणि बीपीचेच ३ झाले. दोनपासून गोळीचा सल्ला दिला जातो. पूर्वी स्त्री असल्याचाही एक गुण धरत, युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४च्या सूचनांत तो काढला. तो न धरताही ३ आहेतच.

ॲस्पिरिनबद्दल. शेजारच्या काकांना ती योग्यच आहे, त्यांचा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा. इथली गुठळी वेगळ्या प्रकारची, तिला ॲस्पिरिन फारशी दाद देत नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ९७३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, निम्म्यांना ॲस्पिरिन. वॉरफॅरिनवाल्यांत अर्धांगवायू निम्म्याहून कमी झाले, आणि मोठ्या रक्तस्रावांत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे या वयात ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका जवळपास तेवढाच पत्करायचा आणि संरक्षण मात्र थोडंच मिळवायचं.

आता भावाचा प्रश्न. १९९९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं. वॉरफॅरिन घेणारी म्हातारी व्यक्ती वर्षात सुमारे २९५ वेळा पडली, तरच डोक्यातल्या रक्तस्रावाचा धोका गोळीच्या फायद्यापेक्षा जड होतो. त्यात गृहीतकं आहेत, प्रत्येक माणसाला ते जसंच्या तसं लागू करू नये. पण पारडं कुठल्या बाजूला झुकतं ते दिसतं. शिवाय नव्या गोळ्यांत, म्हणजे अपिक्साबान, डाबिगाट्रान वगैरे, मेंदूतला रक्तस्राव वॉरफॅरिनच्या साधारण निम्मा असतो.

गोळीआधी हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. वरचं बीपी १६०च्या पुढे राहत असेल तर ते आधी खाली आणायला हवं.

माळरान | १० जानेवारी, सकाळी ९:३०

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमत आहे.

माझी काकू, वय ७९, लातूरकडची. हाच विकार, हीच गोळी. सातव्या महिन्यात शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही, या पिढीच्या बायका असल्या गोष्टी बोलत नाहीत. उठता येईना झालं तेव्हा नेलं. हिमोग्लोबिन ५.८. तीन पिशव्या रक्त चढवावं लागलं. नंतर उलगडा झाला की गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणून ती रोज घेत होती. रक्त पातळ करणारी गोळी लिहून देणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की दुखण्याची गोळी सोबत चालणार नाही.

अभ्यासातल्या म्हाताऱ्या माणसांवर कुणीतरी लक्ष ठेवून असतं. आमच्या काकूवर कोण ठेवणार होतं?

स्टेथोस्कोप | १० जानेवारी, दुपारी २:०५

माळरान, तुमचं खरं आहे आणि राग रास्त आहे. ही गोळी देताना निदान दहा मिनिटं बोलायला हवं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, यातलं काहीही सोबत नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. काळी शौच, लघवीतून रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, कारण मूत्रपिंड मंदावलं की गोळी अंगात साठते.

काकूंना पुढे काय दिलं?

माळरान | १० जानेवारी, दुपारी २:४०

महिनाभर बंद ठेवून दुर्बिणीतून तपासणी केली. जठरात व्रण होता, तो भरल्यावर तीच गोळी पुन्हा चालू केली. आता गुडघ्याच्या गोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे. दोन वर्षं झाली, ठीक आहे. मी गोळीच्या विरोधात नाही, न सांगता गोळी देण्याच्या विरोधात आहे.

गवती चहा | १० जानेवारी, दुपारी ४:२०

माझं स्वतःचं सांगते. वय ६६. लहानपणी सांधेताप आला होता, त्यात हृदयाची झडप अरुंद झाली, आणि आता हीच लय. चौदा वर्षं ॲसिनोकुमेरॉलवर आहे, वॉरफॅरिनसारखीच जुनी गोळी. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, करायची आणि आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा.

या ऋतूत माझा आयएनआर हमखास खाली यायचा. कारण कळायला तीन वर्षं लागली. हरभऱ्याचा पाला, मेथी, चाकवत! आमच्या शेतावरून पिशव्या भरून भाजी येते आणि मी दोन्ही वेळा ताटभर खायची. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. घाबरून मी भाजी साफ बंद केली, तर आयएनआर ४.६ वर गेला आणि दात घासताना रक्त. शेवटी डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, एकसारखी खा. आता बारा महिने आठवड्यातून तीनदा एक-एक वाटी. भोगीची भाजी खाते, पण वाटीनेच.

माझा प्रश्न असा की नव्या गोळीला रक्त तपासावं लागत नाही म्हणतात. मी बदलू का?

स्टेथोस्कोप | १० जानेवारी, रात्री ८:५०

तुम्ही बदलू नका, आणि कुणी सुचवलं तर झडपेचा इको त्यांच्यापुढे ठेवा. सांधेतापाने झडप बऱ्यापैकी अरुंद झाली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर अजूनही जुनीच गोळी. सांधेतापाच्या साडेचार हजारांवर रुग्णांचा चोवीस देशांतला अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिव्हारोक्साबान ही नवी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, जुन्या गोळीवाल्यांत कमी. आपल्याकडे सांधेतापाच्या झडपा पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ, म्हणून हे आपण लक्षात ठेवायला हवं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अशक्त पण जुन्या गोळीवर व्यवस्थित चाललेल्या रुग्णांना नव्या गोळीवर नेलं, तर नेदरलँड्समधल्या २०२३च्या अभ्यासात रक्तस्राव वाढलेला दिसला. ज्यांचं सुरळीत चाललंय त्यांना उगाच हलवू नये. कृष्णाकाठ यांच्या आईंची गोष्ट वेगळी, त्यांची सुरुवातच आहे.

आजोळ | १० जानेवारी, रात्री ९:३०

रिव्हारोक्साबानवरून आठवलं. माझे आजोबा ती रोज रात्री घ्यायचे. महिन्यात दोन एकादश्या, कडक उपवास, रात्री फक्त पाणी आणि गोळी. ही गोळी भरल्या पोटीच नीट अंगी लागते, हे आम्हाला दोन वर्षांनी एका फार्मसिस्टने सांगितलं. आजोबांना उपवास सोडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी स्वतःच तोड काढली, एकादशीला रात्री गोळीआधी राजगिऱ्याची खीर आणि दाण्याची आमटी. "विठ्ठलाला चालतंय, मी विचारलंय" म्हणाले.

सांजवात | ११ जानेवारी, सकाळी ११:००

थोडं अवांतर, पण म्हातारपणीच्या ठोक्यांबद्दलच आहे.

माझ्या सासूबाई, ७७, रत्नागिरीला. त्यांचं उलटं होतं, ठोके मंद. दोनदा देवघरासमोर फुलं वाहता वाहता घेरी येऊन पडल्या. शुद्ध लगेच यायची, पण चेहरा पांढराफटक. नाडी ३८. पेसमेकर बसवावा लागेल असं ठरलं, पैशांची जुळवाजुळव सुरू झाली.

दाखल केलं तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. मी बीपीची, पित्ताची, कॅल्शियमची अशा गोळ्या नेल्या. ती म्हणाली, एवढंच? डोळ्यांत काही घालता का? सासूबाई म्हणाल्या, "ते थेंब आहेत गो, औषध कुठे?" काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब आठ महिन्यांपासून चालू होते. ते थेंब नाकातून घशात उतरतात, रक्तात मिसळतात आणि ठोके मंद करतात. वर बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू होती, तीही तेच काम करणारी. दोन्ही औषधं वेगवेगळ्या डॉक्टरांची, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले, बीपीची गोळी बदलली. पाचव्या दिवशी नाडी ६४. पेसमेकर लागला नाही. आता नवे थेंब घातल्यावरसुद्धा मी त्यांना नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायला लावते, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं.

स्टेथोस्कोप | ११ जानेवारी, दुपारी १:३०

त्या शिकाऊ डॉक्टरचं मनापासून कौतुक. विसरभोळेपणासाठी देतात ती डोनेपेझिलही असंच करू शकते. आणि मूत्रपिंड कमजोर असताना स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांसोबत रोज शहाळं पाजणं टाळा. पोटॅशियम वाढून ठोके धोकादायक मंद झालेले आजोबा मी पाहिलेत. घरच्यांनी प्रेमाने दिवसाला दोन शहाळी चालू ठेवली होती.

अंगणातला चाफा | ११ जानेवारी, सायंकाळी ६:१५

सांजवात, तुमच्या सासूबाई वाचल्या, पण लागला तर पेसमेकरला घाबरू नका म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना २०१९मध्ये बसवला, तेव्हा ते ८० वर्षांचे. नाडी ३२, हृदयातला विजेचा मार्गच तुटलेला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बोटभर चीर, तेवढाच भाग बधिर केला होता, आत चाललेलं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी घरी. त्यांना सगळ्यात जड गेलं ते डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न नेणं, कारण दोरीवर धोतर वाळत घालायचं काम त्यांचं. तारा आत रुजेपर्यंत ते पाळावंच लागतं.

आता घरात एवढंच पाळतो, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब आणि मोबाइल डाव्या खिशात नाही. मिक्सर, टीव्ही सगळं चालतं. मंदिरात किंवा विमानतळावर तपासणी असली की कार्ड दाखवायचं. वर्षातून एकदा यंत्र तपासून घेतो, बॅटरी अजून चार-पाच वर्षं आहे म्हणालेत. नातवंडं त्यांना बॅटरीवरचे आजोबा म्हणतात आणि ते खूश होऊन शर्टाची दोन बटणं सोडून सगळ्या वर्गमित्रांना दाखवतात.

वाचनखूण | ११ जानेवारी, रात्री ९:००

पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ला, स्वीडनमध्ये. रुग्ण आर्ने लार्सन, वय ४३. दिवसातून कित्येकदा बेशुद्ध पडायचे. त्यांच्या बायकोने, एल्स-मारी यांनी, सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला. यंत्र अजून माणसात घालण्याजोगं तयार नाही म्हणाले, तर तयार करा म्हणाल्या. एल्मक्विस्ट यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं, मग दुसरं बसवलं. लार्सन २००१ साली वारले, ८६व्या वर्षी. तोवर २६ यंत्रं झाली होती, आणि सर्जन व अभियंता दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

मला त्या बाईंचं फार वाटतं. दारात उभं राहून नाही ऐकायचं नाही, हे त्यांनी केलं.

सुरंगी | ११ जानेवारी, रात्री १०:४५

लिहू की नको असं झालं होतं, पण कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय. पेसमेकर असलेलं माणूस गेलं तर दहनाआधी तो काढावा लागतो. बंद पेटीतली लिथियमची बॅटरी आगीत तापली की फुटते, दाहिनीचं नुकसान होतं, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते.

माझे वडील गेले तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तिरडी बांधून झाली होती. धाकटा दीर म्हणाला, "काकांना ते यंत्र होतं ना?" गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, पाच मिनिटांत काढलं, एक टाका घातला आणि सदऱ्याची बटणं पुन्हा लावून ठेवली. ती बटणं लावली हे मी विसरणार नाही.

काढलेलं यंत्र टाकू नये असं मला वाटतं. अमेरिकेत अंत्यविधीच्या वेळी काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईतल्या ५३ गरजू रुग्णांना बसवले, ते नीट चालले, असा अभ्यास २०१२मध्ये छापून आला होता.

हिशोबनीस | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

पैशांबद्दल. पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. आणि २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन काढता येतं. अडचण यायच्या आधी काढून ठेवा, दाखल करायच्या रात्री धावाधाव होते. अपिक्साबानही २०२२मध्ये पेटंट संपल्यावर बरीच स्वस्त झालीय.

सातासमुद्र | १२ जानेवारी, सकाळी १०:१०

मी न्यू जर्सीत, आई डोंबिवलीत एकटी. तिला यंत्राचा कंटाळा, म्हणून व्हिडिओ कॉलवर नाडी बघायला शिकवली. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं, हलका दाब, आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर लय बिघडलेल्या नाडीत उत्तर चुकतं. आईला टाळाच्या भाषेत सांगितलं. टाळ एकसारखा वाजतोय, ठीक. मधेच एखादा ठोका गळतो आणि पुन्हा ताल धरतो, तर डॉक्टरांना सवडीने सांग, बहुतेकदा ते साधंच असतं. तालच सापडत नाही, कधी जवळजवळ, कधी लांब, तर त्याच दिवशी ईसीजी. ती आता शेजारच्या तिघींची नाडी बघते.

मनगटी घड्याळंही लय ओळखतात. २०१९च्या अमेरिकेतल्या अभ्यासात चार लाख एकोणीस हजार लोकांनी ते घड्याळ वापरलं, सूचना आली ती अर्धा टक्का लोकांना.

पिंपळपान | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

घड्याळाबद्दल माझं मत वेगळं. काकांना मुलाने घेऊन दिलं. दर दहा मिनिटांनी बघायचे, रात्री उठून बघायचे. झोप गेली, बीपी चढलं. शेवटी काकूंनी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. आईंनी बोटांनी नाडी बघायची हे मात्र फार आवडलं.

कृष्णाकाठ | १७ जानेवारी, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून नेला आणि भावाला दिला. दुपारची एसटी, तुमचा प्रतिसाद वाचून तो अंगणात जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही. मग म्हणाला, "गाडी काढतो, मिरजेला जाऊ."

संक्रांतीनंतर मिरजेला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. इकोत झडपा ठीक, डावा वरचा कप्पा मोठा झालाय. टीएसएच नॉर्मल, क्रिएटिनिन १.१, हिमोग्लोबिन ११.८. नाडी ११८ होती, ती खाली आणायला मेटोप्रोलॉल दिलीय. आम्ही आपणहून डोळ्यांच्या थेंबांचं विचारलं, आईला काही नाहीत. अपिक्साबान २.५ मिलिग्रॅम दोन वेळा. भावाने विचारलं, ही अर्धी मात्रा का, घाबरून दिलीत का? डॉक्टर हसले. वय ऐंशीच्या पुढे, वजन साठपर्यंत, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन असतील तर हीच पूर्ण मात्रा म्हणाले.

भावाने मोरीतली गुळगुळीत फरशी काढून खडबडीत शहाबादी टाकली आणि दोन दांडे ठोकून घेतले. गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं आईच्या उशाखाली निघाली, दोन! माळरान, तुमच्यामुळे शोधली.

आईला तिची नाडी तिच्याच बोटांना लावून दिली. डोळे मिटून ऐकत बसली आणि म्हणाली, "नवशिक्याच्या हातात टाळ दिल्यागत वाजतंय गं." त्यानंतर गोळीला नाही म्हणालेली नाही. सकाळची चहानंतर, रात्रीची भजनावरून आल्यावर.

एक प्रश्न राहिला. फेब्रुवारीत तिची एक हलणारी दाढ काढायचीय. गोळी किती दिवस बंद ठेवू?

आजोळ | १७ जानेवारी, रात्री ८:५५

डॉक्टर, माझे वडील ७६, वजन ७१, क्रिएटिनिन १.०. त्यांनाही "वय झालंय" म्हणून २.५च दिलीय. तीनपैकी एकही बसत नाही.

स्टेथोस्कोप | १७ जानेवारी, रात्री ९:४०

आजोळ, हेच तीन आकडे कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांना मात्रेबद्दल पुन्हा विचारा. कमी मात्रेने रक्तस्राव टळतोच असं नाही, आणि संरक्षण मात्र अपुरं राहतं.

कृष्णाकाठ, आपणहून एकही दिवस बंद नको. एका दाढेसाठी बहुधा गोळी चालू ठेवूनच काढतात, फार तर त्या सकाळची मात्रा पुढे ढकलतात. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि मिरजेच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. सकाळची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं.

माळरान | १७ जानेवारी, रात्री १०:००

ताई, आईंजवळ चिठ्ठी ठेवा. रस्त्यात पडल्या तर उचलणाऱ्याला काय माहीत?

कृष्णाकाठ | १८ जानेवारी, सकाळी ७:५०

रात्रीच लिहिली, वहिनीने प्लास्टिकमध्ये घालून आईच्या बटव्यात आतून शिवून टाकली. मजकूर देते, कुणाला उपयोगी पडला तर:

"माझ्या हृदयाची लय अनियमित आहे. मी अपिक्साबान २.५ सकाळ-रात्र घेते. डोक्याला मार लागला तर मी बरी दिसले तरी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं तर वेळ बघून ठेवा आणि जिथे मेंदूचं स्कॅन होतं अशा मोठ्या दवाखान्यात लगेच न्या, १०८ला फोन करा. दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना हे दाखवल्याशिवाय देऊ नका. मुलाचा फोन मागे आहे."

दुपारची एसटी | १८ जानेवारी, सकाळी ८:०५

उतरवून घेतलं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आजच ठेवतो.